ओशट बाटली

विषारी वाफा ओढून घेणाऱ्या हूडखाली उभी असलेली बाटली कोरडी होती. सुमैरानं ती उजेडाकडं धरली, तिरकी केली, उलटी केली. आत काहीच नव्हतं. नवी कोरी, करंगळीएवढी, तपकिरी काचेची बाटली. आणि तिथं ती असायलाच नको होती. तिथं असायला हवी होती कालची रिकामी केलेली बाटली, तळाला औषधाचा पातळ थर राहिलेली. आज सकाळी आल्या आल्या ती रसायनात बुडवून निकामी करायची, एवढंच काम काल उरलं होतं.

तिनं घातक कचऱ्याचा लाल डबा पाहिला. टेबलाखाली वाकून पाहिलं. मग मोजे घातलेले हात छातीशी धरून ती नुसती उभी राहिली.

कुपवाडच्या एमआयडीसीतली ही प्रयोगशाळा बाहेरून शेजारच्या नटबोल्टच्या शेडसारखीच दिसते. आत काय चालतं ते सुमैरा अत्तार घरी जरा जपूनच सांगायची. नाहीतर शेजारपाजारचे म्हणायचे, रसूलभाईंची पोरगी डॉक्टरेट करून अफू-गांजा करते. तसं ते अगदीच खोटं नव्हतं. अफू माणसाच्या नसांवर ज्या जागी जाऊन बसते आणि वेदना बंद करते, ती एक जागा. गांजा जिथं बसतो ती दुसरी. सुमैरा त्यांना कुलपं म्हणायची. दोन्ही कुलपं एकदम उघडील अशी एकच किल्ली घडवायची, म्हणजे इतकं थोडं औषध पुरेल की माणसाला त्याची चटक लागणार नाही आणि त्याचा श्वासही अडणार नाही, यासाठी तिची खटपट चालली होती. किती किल्ल्या घडवल्या आणि किती फेकल्या! एकोणसाठावी बसली. तिला सगळे नुसतं एकोणसाठ म्हणत.

बसली, पण भरवशाची नव्हती. एकोणसाठ दिलेला उंदीर आधी सुखावायचा. दुखरा पाय बिनधास्त टेकायचा. काही उंदीर तसेच राहायचे, आणि काही थोड्या वेळानं कोपऱ्यात जाऊन डोळे मिटायचे आणि श्वास घ्यायचा विसरून जायचे. तडफड नाही, आवाज नाही. पाहणाऱ्याला वाटावं, किती छान झोपलाय.

काल संध्याकाळी ती एकोणसाठ एका बाटलीतून दुसरीत काढत होती. चिठ्ठी नव्या बाटलीला लावली, जुनी तशीच बिनचिठ्ठीची ठेवली. तेवढ्यात काचेपलीकडून धवलनं, तिच्या हाताखाली काम करणाऱ्या पोरानं, तिचा वाजणारा फोन वर करून दाखवला. अब्बा होते. उद्या साताऱ्यात निकाह हाय, अत्तराला बाटल्या कमी पडतात, आणतीस का? कंपनीत खोकं फुटलं की आतल्या नव्या बाटल्या टाकून देतात. त्या ती अब्बांसाठी न्यायची, आणि अब्बांना त्या इतक्या आवडत की जुन्या बाटल्यांकडं ते आता ढुंकूनही पाहत नसत. फुटलेलं खोकं तिनं हूडशेजारीच ठेवलं होतं, हा पहिला मूर्खपणा. फोन खांद्यानं कानाशी दाबून तिनं बाटल्या गोळा केल्या, हा दुसरा. दोन सारख्या बाटल्या. एक लाल डब्याच्या वाटेवरची, एक अब्बांच्या पिशवीची. तिनं अदलाबदल केली होती.

दुसऱ्या कुठल्या घरात हे खपूनही गेलं असतं. बाटली धुतली असती, पाणी मोरीत गेलं असतं. पण अत्तारांच्या घरात बाटलीला पाणी लावत नाहीत. पाण्याचा अंश राहिला तर अत्तर गढूळतं. रसूल अत्तार पहिल्या बाटलीत चमचाभर चंदनाचं तेल ओतत, हलवत, तेच दुसरीत ओतत, दुसरीतलं तिसरीत. अशा साऱ्या बाटल्या खंगाळून झाल्या की उरलेलं तेल टाकून द्यायचं? चंदनाचं तेल? असं विचारणाऱ्याशी अब्बा आठवडाभर बोलले नसते. ते तेल तळहातावर घ्यायचं आणि अंगाला लावायचं. त्यांच्या बापानं लावलं, आज्यानं लावलं.

आणि अब्बा ते कुठं लावत, हे सुमैराला पक्कं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या कुशीवर नागीण उठली होती. फोड सुकले, खपल्या गेल्या, पण नागीण जाताना आग मागं ठेवून गेली. कुडत्याचं कापड टेकलं तरी ते शहारत. पंख्याचा वारा सोसत नसे. गोळ्या झाल्या, मलमं झाली. शेवटी ते फक्त चंदनाच्या तेलाचं नाव घेत. थंड वाटतं, म्हणत. एकोणसाठच्या मागं ती एवढी हात धुऊन का लागली होती, हे कंपनीत कुणी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं.

तिनं मोजे ओरबाडून काढले आणि फोन लावला.

"बोल बेटा." मागं एसटीचा खडखडाट. "आष्टा गेलं आत्ता. खिडकीला बसलोय."

"अब्बा, कालच्या बाटल्या. त्यात एखादी वेगळी होती का? आतनं चिकट?"

"हुती की. एक बाटली जरा ओशट हुती. वास कसलाच न्हाई. मी दोनदा तेल फिरवलं तिच्यात, तरी जाईना, म्हनून अत्तर भरलंच न्हाई. तुमच्या कंपनीचा माल आता पयल्यासारखा न्हाई राहिला बघ."

"ते तेल काय केलं?"

"काय करणार? सकाळी निघताना लावलं कुशीला." ते हसले. किती दिवसांनी तिनं त्यांना असं मोकळं हसताना ऐकलं. "सुमे, आज लय बरं वाटतंय गं. कुशीत दुखतच न्हाई. खिडकीचा वारा लागतोय तरी न्हाई. फकस्त तोंडाला कशी लसणाची चव येतीया. सकाळपासनं नुसत्या च्यावर हाय मी, लसूण कुठनं आला?"

सुमैरानं टेबलाची कड धरली. ज्या द्रावकात ती एकोणसाठ विरघळवायची, त्याची ही खूण होती. ते कातडीवर पडलं की सोबतच्या औषधाला बोटाला धरून आत नेतं, आणि थोड्या वेळानं तोंडाला लसणाची चव येते. प्रयोगशाळेत नवीन आलेल्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावतात: लसूण न खाता लसूण लागला, तर मोजा फाटलाय समजा.

"अब्बा, ऐका. झोपायचं नाही. शेजाऱ्याला फोन द्या. कंडक्टरला बोलवा."

"झोप तर लय आलीया. निवांत वाटतंय. पेठ नाक्यापातूर जरा डोळा लावतो."

"अब्बा!"

फोन चालूच होता. खडखडाट ऐकू येत होता, कुणाचं तरी लहान मूल रडत होतं, आणि अब्बांचा श्वास, लांब लांब आणि सावकाश. मग फोनच तुटला.

अशा कामाच्या जागी हूडच्या बाजूच्या कप्प्यात उताऱ्याची इंजेक्शनं ठेवतात. अफूच्या कुलपातून किल्ली हिसकून बाहेर काढणारं औषध. तिनं होती तेवढी सगळी पर्समध्ये टाकली. धवलला दोन वाक्यांत सांगितलं, साहेबांना फोनवर तीन वाक्यांत. काहीही लपवलं नाही. नोकरीचा विचार तेव्हा मनात आलासुद्धा नाही. धवलनं तिच्या हातातली गाडीची किल्ली काढून घेतली. "तुम्ही फोन लावा मॅडम, गाडी मी चालवतो," तो म्हणाला.

गाडी विश्रामबागेवरून निघाली. तिचं आणि अब्बांचं घर तिथंच, रस्त्याला लागून. गॅलरीत त्यांचा पांढरा कुडता वाळत होता. तिनं मान फिरवली. अँब्युलन्सला फोन करून झाला, इस्लामपूरची गाडी दुसरीकडं गेलीय, परतली की पेठ नाक्याला पाठवतो म्हणाले. मग अब्बांचा नंबर पुन्हा पुन्हा. घंटी पूर्ण वाजायची आणि बंद व्हायची. तिला डोळ्यांसमोर सारं दिसत होतं. खिडकीशी डोकं टेकून झोपलेला म्हातारा, मांडीवर अत्तराची पेटी, चेहऱ्यावर समाधान. एसटीत झोपलेल्या म्हाताऱ्याला कोण उठवतंय? शेजारचा माणूस उलट जरा सरकून जागा देईल. सातारा आल्यावर कंडक्टर खांदा हलवील, आणि मग कळेल. या विचारानं तिच्या घशातून असा काही आवाज निघाला की धवलनं गाडी आणखी दामटली.

सांगलीचा पूल ओलांडताना खाली कृष्णा संथ दिसली. ती शाळेत असताना याच नदीचं पाणी घरात शिरलं होतं. अब्बांनी एका काखेत अत्तराची पेटी मारली होती, खांद्यावर तिला घेतलं होतं आणि छातीएवढ्या पाण्यातून चालताना एकच वाक्य बोलत होते, भिऊ नको, मी हाय. त्या दिवशी ती भ्यालीच नव्हती. आज मात्र तिचे दात वाजत होते.

"हॅलो?" एका बाईचा आवाज आला. "सारखा वाजतोय म्हनून उचलला. चाचा झोपल्यात. मी कंडक्टर बोलतीया, मयूरी."

"त्यांना उठवा! मी मुलगी बोलतेय त्यांची. हलवून उठवा."

"आवं ताई, म्हातारं मानूस, गाढ झोप लागलीया. कशाला तरास द्यायचा?"

"झोप नाहीये ती. औषध चढलंय त्यांना. श्वास बंद पडंल. हात जोडते, उठवा."

पलीकडून चाचा, आवं चाचा, असा आवाज, आधी हळू, मग मोठ्यानं, मग गालावर मारल्याचा फटका. मयूरी परत फोनवर आली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. "ताई, डोळं उघडंनात. ओठ निळं दिसाय लागल्यात."

"श्वास?"

"हाय. पन लय येळानं येतोय."

"जोरात चिमटे काढा. कानात ओरडून सांगा, श्वास घ्या म्हणून. सांगितलं की घेतात. गाडी थांबवा कुठंतरी."

"पेठ नाका आलाच. बाजूला घ्यायला सांगते डायव्हरला. तुमी या."

फोन मयूरीनं बंद केलाच नाही, तसाच सीटवर ठेवला असावा. त्यामुळं उरलेला सगळा रस्ता सुमैराला ऐकू येत राहिलं. मयूरी ओरडत होती, "चाचा, घ्या श्वास!" मग शांतता. मग लांब ओढलेला एक श्वास. पुन्हा "घ्या श्वास!" थोड्या वेळानं तिच्या आवाजात एक पुरुषी आवाज मिसळला, मग एका म्हातारीचा, मग सगळ्या गाडीनंच ते काम अंगावर घेतलं. "घ्या श्वास, चाचा!" ऊस भरलेला ट्रॅक्टर आडवा आला आणि धवलनं शिवी हासडली. सुमैराचं लक्ष फक्त त्या मधल्या शांततेकडं होतं. प्रत्येक खेपेला ती लांबत होती. आरोळी झाल्यावर तीही गाडीत बसून आपला श्वास रोखून धरी आणि तिकडून आवाज आला की सोडी.

पेठ नाक्यावर लाल गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. अँब्युलन्सचा पत्ता नव्हता. सुमैरा धावत आत शिरली तेव्हा लोकांनी वाट करून दिली. मागच्या लांब सीटवर अब्बांना आडवं केलं होतं. मयूरी त्यांच्या उशाशी बसून हनुवटी वर धरून होती, तिच्या खांद्यावरची पदरपिन सुटून लोंबत होती. अब्बांचा रंग राखेसारखा झाला होता. पण चेहरा! तीन वर्षं कपाळावर असलेली ती आठी नव्हती. ओठ किंचित उघडे, जणू कुणी काही गोड बोलतंय आणि ते ऐकताहेत.

तिनं पायजम्यावरूनच मांडीत सुई खुपसली. 

काही झालं नाही. मयूरी ओरडली, गाडी ओरडली. काही झालं नाही. मग अब्बांची छाती एकदम वर आली, त्यांनी घशातून आवाज करत हवा ओढली, आणखी ओढली, आणि डोळे उघडले. गाडीतल्या बायांनी देवाचं नाव घेतलं. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

तेवढ्यात अब्बांचा हात डाव्या कुशीकडं गेला. नागिणीची सारी आग एका क्षणात परत आली होती. जाताना सावकाश गेलेली, येताना एकदम आलेली. ते असे किंचाळले की टाळी वाजवणारा मागं सरला. त्यांनी कुडता मुठीत धरून अंगापासून ओढला, तो टराटरा फाटला.

"काय केलंस सुमे? बरं हुतं की गं! काय केलंस?"

ती त्यांचं डोकं छातीशी धरून रडत राहिली. तिला हसूही येत होतं, कारण ते ओरडत होते आणि ओरडताना श्वास घेत होते.

अँब्युलन्स आली. तिच्यात बसताना सुमैराला माहीत होतं की भीती अजून संपलेली नाही. उतारा लवकर उतरतो, एकोणसाठ अंगात रेंगाळते. इस्लामपूरच्या वाटेवरच अब्बांचं कण्हणं कमी झालं. कपाळावरची आठी पुन्हा सुटत गेली. तिनं दुसरं इंजेक्शन काढलं. तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं. डोळे अर्धे मिटलेले, पण पकड घट्ट.

"नको बेटा. राहू दे. तीन वर्सांनी जरा... जरा बसू दे मला हितं."

तिनं सुई धरलेला हात खाली घेतला. एवढंच तर तिला हवं होतं. हाच चेहरा पाहायला ती रोज सकाळी कुपवाडला जात होती. आपल्या हातानं त्यांना दिलेलं सुख आपल्याच हातानं काढून घ्यायचं, यापेक्षा वाईट काम जगात दुसरं नसेल, असं तिला वाटलं. मग मनगटावरची पकड ढिली पडली. पुढचा श्वास आला नाही. तिनं सुई खुपसली. अब्बा किंचाळले, आणि या खेपेला त्यांनी तिच्याकडं पाहिलंच नाही.

दुपारी ते दवाखान्यातल्या खाटेवर होते. उताऱ्याची बाटली सलाइनसारखी लावली होती, थेंब थेंब. डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय. साताऱ्यात निकाह बिनअत्तराचा झाला. अब्बा छताकडं पाहत होते. चादर कुशीला लागू नये म्हणून त्यांनी ती एका हातानं उचलून धरली होती. दुसरा हात चादरीखाली होता.

सुमैरानं त्यांच्या उशाशी ठेवलेली अत्तराची पेटी मांडीवर घेऊन उघडली. सगळ्या बाटल्या कंपनीत नेऊन नष्ट करायच्या होत्या. खाचांमध्ये बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, मोगरा, हिना, खस. एक खाच रिकामी होती. तिनं पेटीच्या तळाशी पाहिलं. फाटक्या कुडत्याचे खिसे पाहिले.

"अब्बा, ती ओशट बाटली कुठाय?"

"टाकली."

"कुठं?"

"खिडकीतनं टाकली. एसटीत असताना."

उरलेल्या तेलाचा थेंबही न टाकणाऱ्या माणसानं भरल्या पेटीतली बाटली खिडकीतून टाकली म्हणे! आपण कशानं बरे झालो होतो, हे हुशार म्हाताऱ्यानं केव्हाच ओळखलं होतं. तिनं चादरीखाली हात घातला. त्यांची मूठ आवळलेली होती. तिनं बोटं उघडायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी ती आणखी आवळली, लहान पोरासारखी.

"एवढासा थेंब हाय तळाला," ते छताकडंच पाहत म्हणाले. "मी काय सगळा लावणार न्हाई. बोटभर. लय झालं तवाच."

"अब्बा, तेवढ्यानं श्वास जाईल. उंदीर मरतात माझे."

"तू केलेलं हाय न्हवं? माज्या लेकीच्या हातचं औषध. त्याचं मला भ्या कसलं?"

सुमैराजवळ याला शास्त्रातलं उत्तर होतं. किती अंश, किती वेळ, कुठलं कुलूप. ते सगळं सोडून तिनं त्या मुठीवर आपलं कपाळ टेकलं.

"मला वाटतंय, अब्बा," ती म्हणाली. "मला लय भ्या वाटतंय."

अब्बांनी मान वळवली. सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं. तिचे खांदे हलत होते. मग चादरीखालची मूठ सैल झाली, एकेक बोट करत उघडली, आणि करंगळीएवढी तपकिरी बाटली तिच्या तळहातावर आली. त्यांच्या अंगानं ती ऊन झाली होती.

"घे," ते म्हणाले. "भिऊ नको. मी हाय."

तिनं बाटली पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन ओढली. तेवढ्यात चादरीची कड त्यांच्या हातातून सुटून कुशीवर पडली. अब्बांनी तोंड भिंतीकडं फिरवलं आणि तिला ऐकू जाऊ नये म्हणून उशीचा कोपरा दातांत धरला.